रेशमाच्या पतंगाचा हिशोब



मागच्या दशलक्षण पर्वाच्या आधी मी इथे रेशमावर थोडं लिहिलं होतं. साधं रेशीम नको, पण ‘अहिंसा सिल्क’ म्हणून जे मिळतं ते घ्यायला हरकत नाही, त्यात जीव मरत नाही, असं मी ठामपणे लिहून मोकळी झाले. तेवढ्यावर आपल्या मंडळातल्या 11 जणींनी तसल्या साड्या मागवल्या. क्षमावाणीच्या दिवशी सगळ्या नेसून आल्या, फोटो निघाले, माझं कौतुकही झालं.

त्याच दिवशी एका अक्कांची नात माझ्याजवळ आली. कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. तिने विचारलं, “आज्जी, कोषातून पतंग जिवंत बाहेर येतो हे खरं. पण मग तो जातो कुठे?”

मला उत्तर आलं नाही. “उडून जात असेल गं,” असं काहीतरी बोलले. ती हसली नाही, वादही घातला नाही. पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. मी बी.कॉम. झालेली बाई. जमेची बाजू लिहिली आणि खर्चाची कोरी सोडली तर ताळेबंद जुळत नाही, एवढं मला कळतं. म्हणून गेले सहा महिने वाचत, विचारत, एके ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन बघत हा हिशोब मांडला आहे. लेख लांबला आहे, सवडीने वाचा.

आधी हा जीव बघू. आपल्या ओळखीचं रेशीम ज्याच्यापासून होतं त्या पतंगाचं शास्त्रीय नाव बॉम्बिक्स मोरी. मोरी म्हणजे तुतीचा. याची अळी तुतीच्या पानांवरच वाढते. आमच्या जुन्या शेजारीण काकूंचं गाव जत तालुक्यात आहे. त्यांच्या पुतण्याने दोन एकर तुती लावली आहे आणि शेताच्या कडेला कीटक संगोपनगृह बांधलं आहे. त्यांच्याबरोबर मी तिथे गेले. आत जाण्याआधी हातपाय धुवायला लावले, चप्पल बाहेर. मला आपल्या बस्तीचीच आठवण झाली.

अंडं खसखशीएवढं असतं. साधारण दहा दिवसांत त्यातून काळपट, मुंगीएवढी अळी निघते. मग ती खात सुटते. महिनाभरापेक्षाही कमी दिवसांत ती चार वेळा कात टाकते. प्रत्येक वेळी आधी खाणं बंद करते, डोकं वर करून निश्चल बसते, मग जुनी कातडी सोडते. शेवटच्या टप्प्यात ती बोटाएवढी लांब, पांढरी, मऊ होते. जन्मावेळच्या वजनाच्या सुमारे दहा हजार पट तिचं वजन होतं. मी गेले तेव्हा अळ्या त्याच शेवटच्या टप्प्यात होत्या. तुतीच्या फांद्यांवर हजारो अळ्या आणि त्यांच्या पानं कुरतडण्याचा आवाज. पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसा. डोळे मिटले असते तर पाऊसच वाटला असता.

पोट भरलं की अळी खाणं थांबवते. मग तिला चंद्रिकेवर ठेवतात. चंद्रिका म्हणजे कोष विणायला आधार देणारी जाळी. तोंडाजवळून निघणाऱ्या धाग्याने ती इंग्रजी आठच्या आकड्यासारखं डोकं फिरवत दोन-तीन दिवस स्वतःभोवती कोष विणते. एका कोषातला धागा सलग असतो, सहाशे मीटरपासून हजार मीटर, कधी त्याहूनही लांब. आत तिचं रूप बदलतं. तिला तसंच राहू दिलं तर दहा-बारा दिवसांनी पांढरा, जाडसर पतंग कोषाचं टोक ओलं करून, मऊ करून बाहेर येतो.

पण तो बाहेर आला की सलग धागा तुटतो. म्हणून त्याआधीच कोष वाफेत किंवा गरम हवेत ठेवून आतला जीव मारतात. मग गरम पाण्यात डिंकासारखा थर सुटतो आणि धाग्याचं टोक सापडतं. हे आपल्या सगळ्यांना थोडंफार माहीत असतंच. माहीत असून आपण नेसतो, ती गोष्ट वेगळी.

बाहेर आलेल्या पतंगाबद्दल मात्र मला काहीच माहीत नव्हतं. हा पतंग काही खात नाही. त्याचं तोंड खाण्यासाठी उरलेलंच नाही. नर पंख फडफडवत मादीभोवती फिरतो, पण उडू शकत नाही. मादी तीनशे ते पाचशे अंडी घालते आणि चार-आठ दिवसांत दोघांचं आयुष्य संपतं. त्याला वास मात्र फार तीव्र येतो. मादीचा गंध अगदी थोडा असला तरी नर ओळखतो. 1959 साली जर्मन शास्त्रज्ञ ब्युटेनांट यांनी हा गंध नेमका कोणत्या पदार्थाचा ते शोधलं, आणि त्यासाठी सुमारे पाच लाख माद्या वापरल्या. आपल्याकडे पतंगाला चार इंद्रियांचा जीव म्हणतात ते लहानपणी पाठशाळेत पाठ केलं होतं. तिसऱ्या इंद्रियाची ही कथा वाचताना त्या पाठांतराला अर्थ आला.

पंख असून हा उडत का नाही, याचं उत्तर इतिहासात आहे.

याचा रानटी पूर्वज अजूनही चीनमध्ये तुतीच्या झाडांवर राहतो. तो करड्या-तपकिरी रंगाचा आहे आणि उडतो. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये माणसाने त्याला घरात आणलं. तिथली दंतकथा अशी की सम्राटाची राणी लेइझू तुतीखाली चहा पीत होती, कोष गरम चहात पडला आणि धागा सुटला. दंतकथा राहू द्या, पण पुरावेही आहेत. 1926 साली शान्शी प्रांतात उत्खननात एक अर्धा कापलेला कोष सापडला, आणि चिआनशानयांग या ठिकाणी सापडलेलं रेशमी कापड साडेचार हजार वर्षांहून जुनं मानलं जातं. इतक्या पिढ्या माणसाने मोठा कोष करणारा, पळून न जाणारा जीव निवडत नेला. उडणाऱ्याचा उपयोग नव्हता. आजची अळी भूक लागली तरी ट्रे सोडून पान शोधायला जात नाही. माणसाने पान आणून दिलं तर खाते, नाहीतर तिथेच मरते.

म्हणजे गाय-म्हशीसारखा हाही पाळीव जीव आहे, पण त्यांच्याहून जास्त परावलंबी. सोडून दिलेलं जनावर चरून जगेल. हा जगणार नाही. माझ्या “उडून जात असेल गं” या उत्तराला इथेच पूर्णविराम मिळाला.

आपल्या देशात रेशमाचे रानातले भाऊबंदही आहेत. हडप्पा आणि चन्हुदडो इथे मिळालेल्या दागिन्यांत आणि मण्यांत चार हजार वर्षांहून जुने रेशमाचे धागे सापडल्याचं 2009 साली प्रसिद्ध झालं, आणि ते धागे रानटी पतंगांच्या जातीचे होते. आपल्या महाराष्ट्रातही नेवाशाला डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळियांनी उत्खनन केलं तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या तांब्याच्या मण्यांच्या माळेत रेशीम असलेला दोरा मिळाला. तेव्हा रेशीम परक्या देशातून आलेली चैन आहे, असं सरसकट म्हणता येत नाही.

विदर्भातला टसर हा असाच रानातला पतंग. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर त्याच्या हिरव्या अळ्या वाढतात. पतंग तळहाताएवढा, पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके. त्याचा कोष अंड्यासारखा टणक आणि फांदीला दांडीने लटकलेला. तिकडे त्याला कोसा म्हणतात. ढिवर समाजातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या रानात राहून पक्ष्या-मुंग्यांपासून या अळ्यांची राखण करतात. त्याच कोशातून करवतकाठी साडी होते. आसामात एरंडाच्या पानांवर वाढणारा एरी पतंग आहे. त्याचा कोष एका टोकाला उघडा असतो, म्हणून धागा सलग निघत नाही, कापसासारखा कातावा लागतो. पतंग निघून गेला तरी त्याचा कोष वापरता येतो, म्हणून पुष्कळजण त्याला अहिंसक म्हणतात. पण तिकडच्या बऱ्याच घरांत कोषातला जीव खाण्याची पद्धत आहे. त्यांच्या ताटाला मी नावं ठेवत नाही. फक्त नावावरून निष्कर्ष काढू नये, एवढंच.

आता जमेची बाजू. ती फार मोठी आणि देखणी आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासपुस्तकात, पेरिप्लसमध्ये, चीनचं रेशीम बल्खमार्गे भडोचच्या बंदरात येतं असं लिहिलं आहे. त्याच पुस्तकात आपल्या पैठणहून भडोचला बैलगाड्यांनी माल जातो असाही उल्लेख आहे. पाचव्या शतकात लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, रेशीम विणकरांची एक श्रेणी मध्य प्रदेशातल्या मंदसोरला जाऊन वसली. त्यांनी तिथे सूर्यमंदिर बांधलं आणि पुढे त्याचा जीर्णोद्धार केला. 473 सालच्या शिलालेखात रेशमी वस्त्राशिवाय स्त्रीचा शृंगार पुरा होत नाही अशा अर्थाची जाहिरातही करून ठेवली! आमच्या दुकानाच्या कॅलेंडरवर आम्ही याहून वेगळं काय छापत होतो?

चीनने ही विद्या कित्येक शतकं जपली. शेवटी 552 सालच्या सुमारास काही भिक्षूंनी रेशमाच्या पतंगाची अंडी कॉन्स्टँटिनोपलला सम्राट जस्टिनियनकडे पोचवली. अंडी थंडीत कित्येक महिने न उबता टिकतात, म्हणूनच ती इतक्या लांब नेता आली. पुढे इटली आणि फ्रान्सपर्यंत तुतीचे मळे उभे राहिले.

आणि तिथेच एकोणिसाव्या शतकात तो रोग आला, ज्याने माझा हिशोब उलटा केला. अळ्यांच्या अंगावर मिरपूड टाकल्यासारखे काळे ठिपके पडत आणि त्या मरत. फ्रान्समध्ये 1853 साली सुमारे 26 हजार टन कोष निघाले होते, 1865 पर्यंत ते 4 हजार टनांवर आले. गावंच्या गावं बसली. तेव्हा सरकारने लुई पाश्चर यांना पाठवलं. दुधाच्या पिशवीवरच्या ‘पाश्चराइज्ड’ शब्दामुळे ते आपल्या घरातलेच. त्यांनी तोवर रेशमाची अळी हातातही घेतली नव्हती. अलेस गावी त्यांनी चार-पाच वर्षं काम केलं, अळ्या वाढवायला पत्नी मारी यांचाही हात होता. हा रोग आईकडून अंड्यात उतरतो, हे त्यांनी दाखवलं. उपाय साधा होता. प्रत्येक मादीला वेगळं ठेवून अंडी घालू द्यायची, मग तिला पाण्यात चिरडून तो थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. रोगाचे कण दिसले तर तिची अंडी नष्ट करायची, नाही दिसले तर ठेवायची.

हाच उपाय आज भारतातही वापरतात. शेतकरी ‘रोगमुक्त अंडीपुंज’ विकत आणतात, त्यातला प्रत्येक पुंज म्हणजे एका मादीची अंडी, आणि तपासणीसाठी त्या माद्यांना चिरडलेलं असतं. जतच्या पुतण्याने मला अंडीपुंजांचा कागद दाखवला. तो हातात घेतला तेव्हा मी हे वाचलेलं होतं. माझा हात थरथरला, हे खरं सांगते.

आपल्याकडे म्हैसूरच्या भागात रेशीम वाढलं ते अठराव्या शतकाच्या शेवटी टिपू सुलतानाने बंगालमधून अंडी आणि माहीतगार माणसं आणवल्यामुळे. पुढे जमशेटजी टाटांनी बंगळूरला जपानी पद्धतीचा रेशीम फार्म काढला. आज रामनगरची कोषांची बाजारपेठ देशात मोठी गणली जाते. त्याच वाटेने रेशीम आमच्या सांगलीच्या दुकानात आलं. सासऱ्यांचं कापडदुकान होतं. लग्नसराईत ते आणि आमचे हे बंगळूरला खरेदीला जात. वह्या मी लिहायची. सुती आणि टेरिकॉटवर दुकान चालायचं आणि रेशमावर घर वाढायचं. दोन मुलांची इंजिनिअरिंगची फी कोणत्या खात्यातून गेली ते मला पानासकट आठवतं. खर्चाच्या खान्यात भाडं, हमाली, वीज, दलाली सगळं असायचं. जीव कुठल्याच खान्यात नव्हता.

तो खाना आज भरते. एक किलो कच्च्या रेशमाला चार ते सहा हजार कोष लागतात. साडीत अर्धा किलो रेशीम धरलं तर एका साडीला दोन ते तीन हजार जीव. आता मंडळाच्या 11 साड्या घेऊ, आणि मधला आकडा अडीच हजार धरू. साडेसत्तावीस हजार पतंग. ते मारले नाहीत, बाहेर येऊ दिले, हे मान्य. नव्वदच्या दशकात हैदराबादचे कुसुम राजय्या यांनी ही पद्धत कष्टाने रुजवली, त्यांच्या हेतूबद्दल मला आदरच आहे. पण पुढे बघा. त्यातल्या निम्म्या माद्या, पावणेचौदा हजार. प्रत्येकीची चारशे अंडी धरली तर पंचावन्न लाख. शंभर माद्यांच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्यांना जवळपास एक टन पाला लागतो, असं जतला सांगितलं. म्हणजे सव्वाशे टनांच्या वर पाला, फक्त आपल्या 11 साड्यांमागे. तो कोण घालणार? शेतकरी तर दर वेळी नवे, तपासलेले अंडीपुंज आणतो. म्हणजे ही अंडी टाकूनच द्यावी लागतात, आणि उबली तर अळ्या उपाशी मरतात. शिवाय ज्या अंडीपुंजांपासून सुरुवात झाली, त्यांच्या माद्या आधीच चिरडलेल्या.

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. पतंग कुठेही जात नाही. त्याला जायला जागाच उरलेली नाही.

म्हणून मैत्रिणींनो, मागच्या लेखातलं माझं वाक्य मी मागे घेते. कोषातला जीव उकळला नाही तर हिंसा कमी होते, हे खरं. पण ‘जीव मरत नाही’ हे खरं नाही. माझ्या सांगण्यावरून ज्यांनी पैसे घातले, त्यांची मी मनापासून क्षमा मागते.

आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना असे तिन्ही दोष मानतात. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा केलेल्याला होकार दिला. रेशमाच्या बाबतीत मी पहिलं कधी केलं नाही. दुसरं तीस वर्षं वह्यांत लिहिलं, आणि तिसरं मागच्या वर्षी या ब्लॉगवर केलं.

पण याच्या जोरावर जतच्या त्या घराला मी उपदेश करून आले नाही. त्यांच्याकडे पाऊस कमी. तुतीला ऊसापेक्षा पाणी कमी लागतं आणि महिन्या-दीड महिन्याने पैसा हातात येतो. त्यांच्या सूनबाईंनी मला चहा देताना सांगितलं, “काकी, याच्यावर कर्ज फिटलं.” त्यांच्यासाठी ते पोट आहे. माझ्यासाठी रेशीम ही हौस होती. दोघींचा हिशोब एका तराजूत घालणं बरोबर नाही.

आईचा लग्नातला शालू माझ्याकडे आहे, 1955 सालचा. तो मी टाकणार नाही. तो टाकून एकही पतंग परत येणार नाही, आणि आईची तेवढीच खूण उरली आहे. वर्षातून एकदा ऊन देते, घडी मोडून पुन्हा ठेवते. नवं रेशीम मात्र मी घेणार नाही, ‘अहिंसा’ लिहिलेलंसुद्धा. फेब्रुवारीत धाकट्या नातवाची मुंज नाही, पण पुतणीचं लग्न आहे. तिला म्हटलं, मी इचलकरंजीची सुती साडी नेसून येणार, रागावू नकोस. ती म्हणाली, “आत्या, फोटोत कळणार पण नाही.”

फोटोत कळणार नाही, हे खरंच आहे. त्या 11 साड्यांच्या फोटोतही काही कळत नव्हतं.

ज्यांच्याकडे त्या साड्या आहेत त्यांनी त्या जरूर नेसाव्यात, घेतलेली वस्तू वाया घालवण्यात काही धर्म नाही. फक्त पुढच्या वेळी कुणी विचारलं, की हे कशाचं, तर पूर्ण हिशोब सांगा. आणि घरातली नात प्रश्न विचारत असेल तर “असेल गं” म्हणून टाळू नका. मी टाळला होता.

जय जिनेंद्र.